विहिणीच्या मानाचे वस्त्र

॥ श्री ॥
न्यूनेन, गुरुवार, १६ मे २०२४
वैशाख शुद्ध नवमी

चि. सौ. कां. संहितेस, आजीचे अनेक उत्तम आशीर्वाद.

रविवारी साखरपुड्यातून तू जी निघून गेलीस, त्याला आज चार दिवस झाले. तू वडिलांचा फोन उचलत नाहीस, असे सुबोध म्हणतो. माझा तर उचलणारच नाहीस. मला तरी फोनवर बोलणे कुठे जमते? आवाज चढतो आणि वाक्याचा तोल जातो. म्हणून लिहिते. देवनागरी तुला मीच शिकवली आहे, तू सहा वर्षांची असताना, या डच गावातल्या याच घराच्या स्वयंपाकघरात, ताटात रवा पसरून त्यावर तुझे बोट फिरवून. तेव्हा वाचता येत नाही ही सबब तुला नाही. पत्राच्या माथी श्री का लिहावी आणि कोणत्या पत्रावर लिहू नये, हेही तिथल्याच टेबलावर सांगितले होते. आठवत असेल.

क्वाबेनाच्या आई अजोआबाई, तुझ्या होणाऱ्या सासूबाई, म्हणजे वरमाय. त्यांचा मान मुलीकडच्यांनी करायचा. घरात वडीलधारी मी, म्हणून तो माझ्या हातून व्हावा असे तूच सुचवलेस. मी त्यांना हळदकुंकू लावले, नारळ दिला, खण दिला, आणि त्यांच्याच आफ्रिकेच्या तऱ्हेचे सहा वार कापड दिले. त्यांनी घडी उलगडली. क्वाबेनाचे मामा शेजारीच जेवत होते. ते हात न धुता उठले. मग त्यांच्याकडची अठरा माणसे उठली. अजोआबाई मात्र बसून राहिल्या, कापड मांडीवर घेऊन. "आमच्यात हे मयताला नेसतात," असे क्वाबेना म्हणाला, आणि तेही माझ्याकडे न बघता, भिंतीला सांगावे तसे.

त्यांच्या मोटारी गेल्यावर तुझ्या आईने मला विचारले, "आई, तुम्हाला माहीत होतं का हो?" मी सुचेताला विचारले, "पुरणपोळ्या चाळीस उरल्या आहेत, त्यांचे काय करायचे?" ती रडू लागली. पुरण तिने वाटले होते.

कापड लाल आणि काळे होते. लाल रंग आपल्याकडे सौभाग्याचा. काळी चंद्रकळा नव्या सुनेला संक्रांतीला आपणच नेसवतो. मी शहात्तर वर्षांची आहे आणि माझ्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरतो आहे. या चार वाक्यांचा तुला जो अर्थ लावायचा असेल तो लाव. पण भरल्या पानावरून उठणे हे कोणत्याही देशात शोभत नाही. माझ्या स्वतःच्या लग्नात माझ्या सासूबाई लुगड्याच्या काठावरून तीन तास रुसल्या होत्या. तरी त्या जेवल्या, आणि मगच पुन्हा रुसल्या.

क्वाबेनाच्या वर्णाविषयी मी कधी अवाक्षर काढलेले नाही, याला तुझे आईवडील साक्षी आहेत. ज्याच्यापुढे मी रोज सकाळी हात जोडते, तोही सावळाच आहे. पण त्याने माझ्याकडे माझी नात मागितली नाही.

मी ३० तारखेच्या विमानाने पुण्यास परत जाते. त्यापूर्वी येऊन भेट.

तुझी,
आजी


॥ श्री ॥
न्यूनेन, सोमवार, २७ मे २०२४

चि. संहितेस, आशीर्वाद.

वर 'सौ. कां.' लिहिले नाही, ते विसरून नव्हे. लग्न व्हायचे की नाही हेच अजून ठरायचे आहे, असे सुबोध सांगतो.

आपण ते कापड घेतले त्या दुकानात तू पुन्हा जाऊन आलीस, आणि दुकानवाल्या बाईंनी तुला काय सांगितले, ते मला कळले. एका परीने बरे झाले. माझे लपवण्याचे कष्ट वाचले.

काल दुपारी सुबोध माझ्या खोलीत आला आणि त्याने दार लोटून घेतले. पन्नाशीचा मुलगा, पण परीक्षेत नापास झाल्यावर उभा राहायचा तसाच उभा होता. हातात कोरा कागद.

"आई, एक ओळ लिहून दे. 'मला या कापडाचा अर्थ माहीत नव्हता.' खाली सही. बस."

"मला माहीत होता."

"ते आता मला कळलंय, संहिताला कळलंय. त्यांना अजून नाही कळलेलं. मामा म्हणतात, म्हातारीच्या हातचं लेखी आणा, आपण पुन्हा बसू. नाहीतर आमच्याकडचं एक माणूस लग्नाला येणार नाही. आणि क्वाबेना आईच्या आशीर्वादाशिवाय लग्न करायचा नाही. तसं त्यानं संहिताला सांगितलंय."

"हे त्याचे वळण चांगले आहे."

"आई! थट्टा करतेस?"

"मी असत्य लिहीत नाही, सुबोध. तुझ्या मुंजीत तुला पहिला उपदेश कोणता झाला होता?"

"मुंजीतला उपदेश ऑफिसात पण चालत नाही गं. एक ओळ. माझ्या मुलीसाठी."

मी कागदाची घडी घालून त्याच्या खिशात ठेवली. तो गेला. मग बराच वेळ सुचेता भांडी आपटत होती. या घरात भांडी यंत्र घासते, तरी ती आपटत होती.

आता दुकानाविषयी. तुला त्या बाईंकडून कळलेच आहे. माझ्याकडूनही कळू दे, म्हणजे तुझ्या मनात काही पुसट राहणार नाही.

शनिवार होता, मेची चार तारीख. युद्धातल्या मृतांचा इथला दिवस, म्हणून काही घरांवर झेंडे अर्ध्यावर होते. युट्रेख्टला स्टेशनातून बाहेर आलो, तेव्हा तू माझी पिशवी तुझ्या सायकलच्या टोपलीत टाकलीस आणि म्हणालीस, "आजी, आज तू शॉपिंगची बॉस. क्वाबेनाच्या ममाला काय आवडेल ते तूच ठरव. ती ना, कपडे बघून माणूस ओळखते." दुकान अरुंद, पण आत खोल गेलेले. दाराशी ढोल, वर टांगलेल्या विणलेल्या टोपल्या, काचेखाली पितळेची चिमुकली वजने आणि मण्यांच्या माळा, भिंतीवर लाकडी मुखवटे. कसल्याशा झाडाच्या लोण्याचा वास. आणि एका बाजूला जमिनीपासून छतापर्यंत तागेच तागे. मला ते आवडले, हे मी नाकारत नाही. लक्ष्मी रोडवरच्या जुन्या कापडदुकानात गेल्यासारखे वाटले. तू सायकल भलत्याच जागी लावली होतीस, ती हलवायला म्हणून बाहेर गेलीस.

त्या बाई माझ्याहून दहा वर्षांनी लहान असतील. डोक्याला पिवळे वस्त्र गुंडाळलेले, चष्मा दोरीने गळ्यात. त्यांनी मला स्टूल दिले. "बसा, मदर," म्हणाल्या. मग एकेक तागा काढून मांडीवर पसरत गेल्या. निळे-पांढरे बारशाचे. सोनेरी चौकटींचे लग्नाचे. हे सुनेने सासूला द्यायचे, ते थोरल्या बहिणीने धाकटीला. "आणि गंमत माहीत आहे का मदर? यातलं निम्मं तुमच्या शेजारी छापतात, हेल्मोंडला. आम्ही ते नेसतो आणि सगळे म्हणतात, आफ्रिका!" त्या इतक्या मनापासून हसल्या की मीही हसले. कोणत्या वस्त्राला कोणता प्रसंग, हे त्या माझ्या वडिलांनी मुहूर्त सांगावेत तशा सांगत होत्या. एका विद्वान बाईपुढे बसल्याचा आनंद मला झाला. इतका आनंद मला तुमच्या देशात तीन महिन्यांत झाला नव्हता.

सर्वांत वरच्या फळीवर एक तागा कडेला सरकवून ठेवलेला होता. मी बोट दाखवले.

"ते नको, मदर. ते मी दाखवायला काढत नाही. ज्यांच्या घरी कोणी गेलं आहे, ते मागतात तेव्हाच काढते. कधी सोयऱ्यांकडे पाठवतात, दुःखात सोबत म्हणून."

मी म्हणाले, "तेच हवे आहे."

त्यांनी शिडी आणली. त्यांनी कापड मोजून कापले. घडी घालताना त्यांनी विचारले, "तुमचं कोण गेलं?"

मी बोलले नाही. मान हलवली. होय म्हणून हलवतात तशी. माझ्या जिभेवर असत्य आले नाही, एवढे मी पाळले.

त्यांनी माझे दोन्ही हात हातांत घेतले. कापडाला फीत बांधली नाही. फीत मी न्यूनेनला येऊन बांधली. तेवढ्यात तू आलीस. "एवढ्यात घेतलंस पण? दाखव ना!" मी म्हणाले, साखरपुड्यालाच बघ. "आजी, तू ग्रेट आहेस," असे म्हणून तू माझ्या गालाचा मुका घेतलास. त्या बाई ते पाहत होत्या, आणि त्यांना वाटले असेल की दुःखातल्या आजीला नात धीर देते आहे.

तू सुबोधला विचारलेस, का? अजोआबाईंनी माझे काय बिघडवले होते?

काहीच नाही. बिघडवलेस तू. एप्रिलमध्ये ती मंडळी प्रथम आपल्याकडे जेवायला आली, तेव्हा पाने वाढून झाल्यावर मी अन्नाचा श्लोक म्हटला. अन्न कोठून येते, कोणासाठी येते, कोणाचे उरते, आणि खाणाऱ्यावर त्याचे काय ऋण असते, हे त्यात सांगितलेले आहे. साठ वर्षे मी तो श्लोक मुलींना शिकवला. तुझ्याकडूनही म्हणून घेतला, अर्थासह. श्लोक संपला. अजोआबाई तुझ्याकडे वळून म्हणाल्या, काय सुंदर! त्या काय म्हणाल्या, सांग ना! आणि तू म्हणालीस, "ती म्हणते, एट स्माकलक."

जेवा सावकाश! सगळे हसले. तुझे वडील हसले. अजोआबाई हसल्या, टाळी वाजवून. माझ्या हयातीचे तू दोन शब्द केलेस, आणि ते तुझ्या लोकांनी वरणभाताबरोबर खाल्ले.

मी ते विसरले, असे तुला वाटले का?

माझे काही चुकले असेल तर देव बघून घेईल. त्याच्याशी माझे बोलणे रोज होते. पण मला ठाऊक नव्हते, असे मी लिहिणार नाही. तुझे लग्न एका असत्यावर उभे राहणार असेल, तर ते न झालेले बरे.

आजी


॥ श्री ॥
पुणे, शुक्रवार, २१ जून २०२४
ज्येष्ठ शुद्ध पौर्णिमा

चि. संहितेस, आशीर्वाद.

तुझी चिठ्ठी ५ तारखेस मिळाली. सोळा दिवस ती मी देवापुढे ठेवली होती. तुझे अक्षर अजून तसेच आहे, रव्यात गिरवलेले, वेलांट्या मोठ्या. चिठ्ठी मी इथे उतरवते, कारण तू काय लिहिलेस ते तुझ्याही लक्षात राहावे:

"आजी, पाच ठिकाणी खोटं बोललं तर पाप लागत नाही, हे तूच मला शिकवलंस. प्राण जात असेल तेव्हा, सगळं लुटलं जात असेल तेव्हा, थट्टेत, बायकोशी, आणि लग्न जुळवताना. मी तेव्हा आठ वर्षांची होते. मी विचारलं होतं, लग्नात का? तू म्हणालीस, कारण तिथे दोन घरं जुळायची असतात. तू बाबांना उपदेश सांगितलास आणि हे सांगितलं नाहीस. तुला आठवत नव्हतं, असं मी धरून चालते. ३० जूनला, रविवारी, मामांकडे सगळे शेवटचे बसणार आहेत. मला एक ओळ पाठव. फोटो काढून पाठवलीस तरी चालेल. संहिता."

मला आठवत होते.

माझी विद्यार्थिनी माझ्याशीच शास्त्रार्थ करते आणि जिंकते, याने मला जो आनंद झाला, तो तुला कळायचा नाही. तुझ्या बापाला हे कधी सुचले नसते. मी नमते घेते आहे, ते तुझ्यापुढे नव्हे, शास्त्रापुढे.

सोबतच्या वेगळ्या कागदावर इंग्रजीत ती ओळ लिहिली आहे. त्या वस्त्राचा अर्थ मला ठाऊक नव्हता, वृद्धेच्या अज्ञानाची क्षमा असावी. खाली सही, तारीख. अकरा कागद फाडले. 'क्षमा' हा शब्द तू मागितला नव्हतास, तो मी माझ्याकडून घातला आहे.

त्याचे छायाचित्र काढून मात्र मी पाठवणार नाही. असत्य मी एकदाच लिहीन. त्याच्या प्रती निघून ते फोनाफोनांतून फिरत राहावे, हे मला चालायचे नाही. स्पीडपोस्टाने पाठवते आहे. काउंटरवरच्या मुलीने आठ दिवस सांगितले आहेत. म्हणजे २९ तारखेस तुझ्या हाती पडेल.

माझी एक अट आहे. लग्नात मला वडीलकीच्या जागी बसवायचे. पाने वाढून झाली की मी अन्नाचा श्लोक म्हणेन, आणि तू उभी राहून त्याचा अर्थ सांगशील, तुमच्या भाषेत, चारही चरणांचा, एकही शब्द न गाळता. अजोआबाई समोर बसलेल्या असतील. कोणी हसणार नाही.

एवढे झाले की मी तुझी आहे, पूर्वी होते तशी. सप्टेंबरचा व्हिसा सुबोधला काढायला सांग. तुझ्यासाठी माझी मोरणी नथ बाजूला काढून ठेवली आहे. टपालाने पाठवणार नाही, स्वतः घालीन.

आज पौर्णिमा, वडाला जाऊन आलेल्या बायका खालून हळदकुंकवाला हाक मारताहेत. मला नव्हे, शेजारच्या नीलांबरीला.

तुझी,
आजी


पुणे, बुधवार, २ ऑक्टोबर २०२४
सर्वपित्री अमावास्या

सौ. संहितेस,

माथी श्री लिहिलेली नाही. मृत्यूच्या पत्रावर ती लिहीत नाहीत. असे पत्र वाचून झाल्यावर घरात ठेवायचे नसते, फाडायचे असते. हेही तुला शिकवलेले आहे. पत्र सुबोधच्या ऑफिसच्या पत्त्यावर पाठवते आहे, म्हणजे ते क्वाबेनाच्या हाती पडायचे नाही.

तू मला काहीच कळवले नाहीस. कळवले ते सुबोधने, ६ जुलैला. तुला त्याने आमचे बोलणे सांगितले नसेल. तो सांगणाऱ्यांतला नाही. म्हणून मीच लिहिते.

"आई, तुझं पत्र आज आलं," तो म्हणाला.

"आज? आठ दिवस सांगितले होते."

"पंधरा लागले. आई, रागावू नकोस. आधी ऐकून घे. तीस तारखेला आम्ही मामांकडे गेलो. त्यांनी त्या दुकानवाल्या बाईंनाही बोलावलं होतं. म्हणाले, लेखी आणलंय का? आम्ही म्हटलं, पोस्टात आहे. ते म्हणाले, महिनाभर पोस्टातच आहे. आणि उठले. अजोआबाई पण उठल्या. आणि संहिता एकदम म्हणाली, आजी गेली."

"कुठे गेली?"

"आई... गेली म्हणजे... वारली, असं म्हणाली."

मी खुर्चीवर बसले. तो घाईघाईने बोलत राहिला, नापास झाल्यावर बोलायचा तसाच.

"ती म्हणाली, आजीला कळलं होतं आपलं आता संपत आलंय. कोणाला बोलली नाही. पण विहिणीला सख्ख्या बहिणीसारखं मानलं, म्हणून स्वतःच्या सुतकाचं कापड स्वतःच्या हातानं देऊन गेली. आम्हाला अर्थ कळला नव्हता, म्हणाली, आता कळला. आई, मग त्या दुकानवाल्या बाई रडायला लागल्या. म्हणाल्या, मी विचारलं होतं त्यांना, कोण गेलं, तर नुसती मान हलवली त्यांनी. स्वतःचंच सांगत होत्या, मला समजलं नाही. आणि मग अजोआबाई..."

"तू काय केलेस?"

"काय?"

"तू. तू तिथे होतास ना?"

"मी पण रडलो, आई. खरंच रडू आलं."

मी विचारले, माझ्या कागदाचे काय केलेस. तो म्हणाला, आता दाखवता येणार नाही, फाडावा लागेल. मी विचारले, व्हिसा? मग त्याने नियम सांगितले. मी तिकडे यायचे नाही. घरी फोन करायचा नाही, क्वाबेना शनिवार-रविवार तिथेच असतो. तो स्वतः ऑफिसातून करील. त्याच्या फोनमधले माझे नाव त्याने बदलले आहे.

"काय ठेवलेस?"

"पुण्याची बँक."

मी त्याला अजून शाप दिलेला नाही, हे त्याला सांग.

जुलैत तुम्ही माझ्यासाठी जमलात, त्याचे छायाचित्र त्याने पाठवले होते. मग तेही पुसून टाकायला सांगितले. मी पुसलेले नाही. टेबलावर माझा चेहरा आहे, साखरपुड्याच्या फोटोतून कापून मोठा केलेला. कोपऱ्यात खणाचा काठ दिसतो. म्हणजे त्या क्षणी माझ्या हातात विहिणीच्या मानाचे ताट आहे. फोटोला हार आहे. शेजारी अजोआबाई उभ्या आहेत, आणि त्यांनी ते कापड शिवून अंगावर घातले आहे. लाल आणि काळे. त्यांना ते शोभते. क्वाबेनाच्या मामांनी जमिनीवर पाणी सोडले आणि माझे नाव घेतले, त्यांच्या उच्चारात 'वासुदा', असे सुबोध म्हणाला. पाणी सोडताना नाव घ्यावे लागते, हे त्यांना माहीत आहे. माझ्या मुलाला माहीत नाही.

आणि मग म्हणे तू उभी राहिलीस आणि अन्नाचा श्लोक म्हटलास, आणि त्याचा अर्थ सांगितलास, डचमध्ये, चारही चरणांचा. मी सुबोधला तीनदा विचारले, एकही शब्द गाळला नाही ना? तो म्हणाला, नाही. कोणी हसले नाही. अजोआबाईंनी तुझ्याकडून तो कागदावर उतरवून घेतला, आणि त्यांच्या घरी आता जेवणापूर्वी तुम्ही तो वाचता.

माझी अट तू अक्षरशः पाळलीस. वडीलकीच्या जागीही बसवलेस. पुष्कळ केलेस.

अजोआबाईंचा फोन नंबर माझ्याजवळ आहे. एप्रिलमध्ये त्यांनीच लिहून दिला होता, कधीही करा म्हणून. ऑगस्टच्या चोवीस तारखेला, तुझ्या लग्नाच्या दिवशी, तुमच्याकडे पाने वाढली जात असतील त्या वेळेला, मी तो फिरवला. शेवटचा आकडा राहिला होता. मी नुसते 'नमस्कार' म्हटले असते तरी पुरले असते. माझा आवाज त्यांना ओळखू आला असता. मामा पुन्हा उठले असते. मी सत्य बोलत होते म्हणून शास्त्रही माझ्या बाजूचे असते. तुला मी चांगली ओळखते. त्या दिवशी फोन वाजला की तुला धडकी भरत होती, हेही मला ठाऊक आहे. पुढेही भरेल. भरू दे.

शेवटचा आकडा मी दाबला नाही. तो तुझ्या सुखासाठी, असे समजू नकोस. तिकडे अजोआबाईंच्या घरात जी वसुधा आहे, ती मनाची मोठी आहे. तिने मरणाआधी विहिणीला बहीण मानले. तिचा श्लोक ते लोक हात जोडून ऐकतात. मी फोन केला असता तर ती मेली असती, आणि उरले असते ते फक्त मी.

सत्याचे व्रत मोडले का, असा प्रश्न इतके दिवस मनात होता. आज सुटला. मेलेल्या माणसाला व्रत नसते.

आज अमावास्या, सर्व पितरांची. सकाळी गुरुजी येऊन गेले. खीर, वडे, भोपळ्याची भाजी केली. गच्चीवर पान ठेवले, तेव्हा गुरुजींनी विचारले, "आणखी कोणाचं राहिलं आहे का, आजी?" मी एक पान वाढून ठेवले आणि नाव सांगितले नाही. कावळा त्या पानाला शिवला नाही. मी दुपारी अडीचपर्यंत उन्हात उभी होते. मग आत आले आणि ते पान मीच जेवले.

नथ नीलांबरीच्या सुनेला देऊन टाकली.

एक गोष्ट तुला कळवावी लागेल. मी कोणत्या दिवशी गेले असे तू त्यांना सांगितलेस? सुबोधला आठवत नाही. तारीख कळव, तिथी मी काढून घेईन. तिकडे अजोआबाई दरवर्षी ते कापड नेसणार आहेत म्हणे. इकडे पान वाढायला कोणीतरी हवे, आणि इथे माझ्याशिवाय माझे कोणी नाही.

वाचून फाड.

कै. वसुधा